गवताच्या पुलाचा हिशेब

पेरूच्या दक्षिणेला, कुस्को शहराच्या आग्नेयेकडील पठारावर कानास नावाचा प्रांत आहे आणि त्या प्रांतातील आठ जिल्ह्यांपैकी एकाचे नाव आहे केवे. जिल्हा म्हटल्यावर मराठी वाचकाच्या मनात जो विस्तार उभा राहतो, जी कचेरी, जो फौजफाटा उभा राहतो, त्यांतले येथे काहीही नाही. पेरूच्या कारभारात प्रदेश, प्रांत आणि जिल्हा अशी उतरंड असून जिल्हा ही तिची सर्वांत खालची पायरी आहे. एक लहानसे मुख्य गाव, त्याच्याभोवती दूरदूर विखुरलेल्या वस्त्या, आणि दर चार वर्षांनी निवडून येणारा एक महापौर, एवढाच त्याचा पसारा. लोकसंख्या काही हजारांची, तीही बहुतांशी क्वेचुआ बोलणारी. महापौराच्या कचेरीवर राष्ट्रध्वज फडकतो हे खरे. परंतु कोणत्या उतारावर यंदा बटाटा लावायचा आणि कोणता उतार पडीक ठेवायचा, कोणाची मेंढरे कोणत्या कुरणात चरतील, पाटाचे पाणी कोणाला कधी मिळेल, या रोजच्या जगण्यातल्या प्रश्नांचा निवाडा कृषक समुदायांच्या सभांत होतो. जमीन समुदायाची, कसणारे कुटुंब वेगळे, आणि दोहोंच्या मध्ये ही सभा, अशी ती व्यवस्था आहे.

बाहेरच्या जगाला मात्र केवे ठाऊक आहे ते एका पुलामुळे. अपुरिमाक नदीच्या घळीवर, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर, येथील लोक दरवर्षी जून महिन्यात केवळ गवताच्या दोरांचा एक झुलता पूल नव्याने बांधतात. त्याचे नाव केस्वाचाका. लांबी सुमारे २८ मीटर आणि रुंदी जेमतेम एक माणूस दोन्ही हातांनी कठडे धरून चालू शकेल इतकी. विंचिरी, चौपिबांदा, चोक्कायवा आणि कोयाना केवे या चार समुदायांनी मिळून हा पूल बांधायचा असतो. २०१३ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला. यादीत नाव लागले ते पुलाचे नव्हे, तर पुलाच्या वार्षिक नूतनीकरणाशी निगडित असलेले ज्ञान, कौशल्य आणि विधी यांचे. हा बारकावा पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींत बहुधा गळून पडतो. तेथे ‘शेवटचा इंका पूल’ असे लिहिलेले असते, शेजारी मावळतीच्या उन्हात झळाळणारे छायाचित्र असते, आणि पाहणाऱ्याचा समज होतो की आपण पाचशे वर्षांची एखादी वस्तू पाहायला निघालो आहोत. वास्तविक त्या पुलातला एकही दोर वर्षाहून जुना नसतो. जुने जे आहे ते दोन्ही काठांवरचे दगडी पाये, आणि माणसांनी एकमेकांवर टाकलेली जबाबदारी.

ही जबाबदारी पाहण्याचे कुतूहल मला अधिक होते. पुलांची मला फारशी जाण नाही. गावकी, भावकी, सामूहिक श्रम आणि त्यांतले मानपान हा मात्र माझ्या आवडीचा विषय आहे. कुस्कोहून पुनोकडे जाणारा मोठा रस्ता कोंबापाता येथे सोडला की वाट उजवीकडे वर चढते, तुंगासुका आणि पांपामार्काच्या बाजूची तळी मागे पडतात, आणि प्रांताचे मुख्य ठिकाण यानाओका येते. तेथून पुढे झाडे जवळजवळ संपतात. दृष्टी पोहोचेल तिथवर पिवळसर गवताचे झुबके, मध्ये मातीच्या विटांची घरे, आणि लांबून दगडांसारखी दिसणारी व जवळ गेल्यावर हलू लागणारी मेंढरे. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरच्या दाबाच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो, त्यामुळे बुटांची नाडी बांधायला वाकले तरी धाप लागते. जून हा तिकडचा हिवाळा. दुपारी ऊन चेहरा भाजून काढते आणि रात्री बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरते.

हा गारठा नुसता सोसायचा नसतो, तो वापरायचाही असतो. जूनपर्यंत बटाट्याची काढणी उरकलेली असते. त्यांतले लहान किंवा कडवट जातीचे बटाटे सपाट माळावर पसरून ठेवतात. रात्रीच्या हिमाने ते गोठतात, दिवसाच्या उन्हाने सुटतात, मग बायका-पुरुष अनवाणी पायांनी ते तुडवून त्यांतले पाणी काढतात आणि पुन्हा वाळवतात. काही दिवसांत त्यांचे खड्यासारखे हलके, काळपट, वर्षानुवर्षे टिकणारे चून्यो तयार होते. ज्या बटाट्याने पुढे पोर्तुगीज जहाजांतून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन उपवासाच्या फराळापर्यंत मजल मारली, त्याचे मूळ घर हेच पठार. येथे त्याच्या जातींची गणती एखाद्या घरातदेखील डझनांनी करावी लागते, आणि प्रत्येक जातीला तिचा उतार, तिची माती व तिचे पाणी माहीत असलेले माणूस लागते. पुलाचा महिनाही याच पंचांगातून ठरलेला आहे. काढणी झाल्याने हात मोकळे असतात, पाऊस थांबून नदी उतरलेली असते, आणि डोंगरावरचे गवत कापण्याजोगे पक्व झालेले असते. परंपरेच्या नावाखाली जे जे आपल्याला गूढ वाटते, त्याच्या मुळाशी पुष्कळदा असा शेतीचा साधा व्यवहार असतो.

त्या गवताचे नाव कोया. उंच वाढणारे, चिवट आणि सुयांसारखे. एका काडीला बळ ते काय, दोन बोटांनी ओढली तरी तुटते. परंतु गवत कापून, गोल दगडाने ठेचून, पाण्यात भिजवून लवचिक केले, आणि दोन्ही तळहातांत घोळवून त्याला पीळ देत देत नव्या काड्या घालत गेले, की अखंड दोरी तयार होऊ लागते. दोन पेड एका दिशेने वळायचे आणि एकमेकांभोवती उलट दिशेने गुंडाळायचे, म्हणजे एकाचा पीळ सुटू पाहतो तेव्हा दुसरा तो घट्ट करतो. गाठ कोठेही नाही. सगळा भार घर्षणावर. प्रत्येक कुटुंबाने सुमारे ७० मीटर लांबीची अशी दोरी वळून आणायची असते. हे काम मुख्यत्वे स्त्रिया करतात, आणि ते पुलाच्या काठावर होत नाही. ते दारापुढे, कुरणात, मेंढरांवर लक्ष ठेवता ठेवता, पाठीवर मूल बांधलेल्या अवस्थेत, आधीचे कित्येक दिवस चालू असते. विंचिरीच्या वरच्या अंगाला एका ओट्यावर बसलेल्या आजीबाईंनी मला दोरी वळून पाहायला दिली. माझ्या हातातला वीतभर तुकडा पाहून त्या हसल्या, शेजारणीला क्वेचुआत काहीतरी म्हणाल्या, आणि तो उलगडून त्यांनी पुन्हा वळला. काय म्हणाल्या ते दुभाष्याने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

प्रत्यक्ष बांधणीचे तीन दिवस आणि मग उत्सवाचा एक, असा क्रम असतो. पहिल्या दिवशी पाको, म्हणजे विधी जाणणारा जाणता माणूस, पाचामामाला, म्हणजे भूमातेला, आणि सभोवतीच्या पर्वतदेवतांना, आपूंना, कोकाची पाने वगैरे अर्पण करतो आणि काम सुखरूप व्हावे म्हणून त्यांची संमती मागतो. घराघरांतून आलेल्या दोऱ्या रस्त्यावर लांबच लांब अंथरून त्यांचे मध्यम जाडीचे दोर वळले जातात, आणि त्यांच्या वेण्या घालून सहा प्रचंड दोरखंड तयार होतात. चार तळाचे आणि दोन हाताच्या कठड्यांचे. दुसऱ्या दिवशी जुन्या पुलावरून नवा दोर पलीकडे नेतात, मग जुन्या पुलाचे दोर कापून तो नदीत सोडून देतात, नवे दोरखंड दगडी पायांना गुंडाळतात, आणि दोन्ही काठांवरचे पुरुष रांगेने उभे राहून ते ताणतात. हा ताण किती असावा याचे कोणतेही मापयंत्र नसते. काठावर उभा असलेला चाकारुवाक, म्हणजे पूलकर्ता, दोराच्या झोलाकडे पाहून हात वर करतो किंवा खाली करतो, तेवढ्यावर सारे चालते. तिसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंचे चाकारुवाक घळीवर लोंबकळत्या दोरांवर पाय टाकून बसतात आणि कठड्याचे दोर तळाच्या दोरांशी विणत विणत मध्याकडे सरकतात. त्यांच्या मागून काटक्यांची आणि गवताची चटई अंथरली जाते. छायाचित्रकारांची खरी झुंबड या तिसऱ्या दिवशी असते.

येथेच माझा पहिला खटका आहे. तिसऱ्या दिवसाचे ते दृश्य विलक्षण आहे यात शंका नाही. खाली हिरवट पाणी, वर माणूस, आणि दोहोंच्या मध्ये नुकतीच वळलेली दोरी. पण पुलाचा बहुतेक भाग त्याआधीच झालेला असतो. तासांचा हिशेब मांडला तर सर्वांत मोठा वाटा घरोघरी बसून दोरी वळणाऱ्या बायकांचा निघेल, आणि नेमका तोच कॅमेऱ्यात येत नाही. शिवाय रूढीनुसार बांधणीच्या काळात स्त्रियांनी पुलाजवळ यायचे नसते. त्या वरच्या उतारावर बसून दोरी वळतात. या निषेधामागे अपघाताची भीती सांगितली जाते. परंपरा जपली जाते तेव्हा तिच्यातले हे कोपरेही जपले जातात, आणि वारशाच्या यादीत नाव गेल्यावर ते घासून गुळगुळीत करणे अधिकच अवघड होते, असे मला वाटते.

दुसरा खटका ‘सामूहिकता’ या शब्दाच्या सैल वापराचा. अँडीजमध्ये श्रमाच्या देवघेवीला आयनी म्हणतात. आज तुम्ही माझ्या शेतात राबलात, उद्या मी तुमच्या शेतात राबेन. आपल्याकडच्या सावडीसारखीच ही रीत आहे, आणि सावड ज्यांनी पाहिली आहे त्यांना हेही ठाऊक असते की तिच्यात प्रेमाइतकाच हिशेब असतो. कोणाकडे किती माणसे गेली, कोणी बैलजोडी पाठवली आणि कोणी नुसताच पोरगा पाठवला, हे कोठे लिहिलेले नसते. तरी ते कोणी विसरतही नाही. आयनी दोन घरांमधली. समुदायासाठी सर्वांनी मिळून करायच्या कामाला मिंका किंवा स्पॅनिश वळणाने फाएना म्हणतात. पाट साफ करणे, रस्ता दुरुस्त करणे, शाळेची भिंत उभारणे, ही सारी फाएनाची कामे. त्यांत हजेरी घेतली जाते, आणि गैरहजर राहणाऱ्या कुटुंबाला दंड पडतो. पुलाच्या कामातही कोणाची दोरी आली आणि कोणाची आली नाही, कोणाची सरस आणि कोणाची ढिली, हे हाताळताक्षणी कळते. लोक एकोप्याने नांदतात म्हणून पूल उभा राहतो, असे भाबडे वर्णन मी अनेकदा वाचले आहे. मला ते उलटे वाटते. ज्यांचे बांधांवरून, पाण्यावरून आणि मेंढरांवरून वर्षभर खटके उडतात, त्या घरांना वर्षातून एकदा एकाच दोरखंडात आपली दोरी घालावी लागते, आणि ती कमकुवत असेल तर चारचौघांत उघडी पडते.

भांडणांचे म्हणाल तर या प्रांतात त्यांचीही एक तारीख ठरलेली आहे. दर २० जानेवारीला चियाराखे नावाच्या उंच माळावर केवे, चेक्का, लांगी, कुंतुरकांकी या भागांतले पुरुष दोन तट करून एकमेकांवर गोफणींनी दगड भिरकावतात. कोणी घोड्यावर, कोणी पायी. सांडलेले रक्त पाचामामाला पोहोचते आणि त्या वर्षी पीक चांगले येते, अशी श्रद्धा आहे. जखमी होणे नित्याचे आहे आणि त्यात माणसे दगावल्याचेही इतिहासात नमूद आहे. पावसाळ्याच्या ऐन मध्यावर दगड आणि कोरड्या ऋतूच्या आरंभी दोर, असे त्यांचे वर्ष आहे. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत पूल असतो, गोफण नसते. असली तर शोभेची. या दोन्ही गोष्टी करणारी माणसे तीच आहेत हे लक्षात घेतले नाही, तर केवेची ओळख अर्धवटच राहते.

सामूहिक श्रमाचा येथील इतिहास तर याहूनही कडवट आहे. इंका साम्राज्याच्या काळात रस्त्यांच्या त्या अवाढव्य जाळ्यावर, कापाक न्यानवर, गवताचे असे कित्येक पूल होते, आणि प्रत्येक पुलाची निगा राखणे हे जवळच्या वस्त्यांवर कर म्हणून लादलेले काम होते. त्या श्रमकराला मीता म्हणत. स्पॅनिश आले आणि त्यांनी शब्द तोच ठेवून त्याचा आशय भयंकर केला. १५७० च्या दशकात व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने पोतोसीच्या चांदीच्या खाणींसाठी जी मीता आखली, तिच्यात कानास आणि शेजारचा कांचिस यांचाही समावेश होता. दरवर्षी प्रौढ पुरुषांच्या सातव्या हिश्शाने आठवडेच्या आठवडे चालत पोतोसीला जायचे, आणि त्यांतले सगळे परत येत नसत. या जोडीला कोरेहिदोर नावाचा स्पॅनिश अधिकारी, नको असलेला माल वाटेल त्या भावाने गावकऱ्यांच्या गळ्यात मारायचा. याच भागातल्या तुंगासुका, पांपामार्का आणि सुरिमाना या गावांचा प्रमुख होसे गाब्रिएल कोंदोरकांकी, ज्याने तुपाक आमारू हे इंका राजाचे नाव धारण केले, त्याने ४ नोव्हेंबर १७८० रोजी कोरेहिदोर आंतोनियो दे आरियागा याला पकडले आणि सहा दिवसांनी तुंगासुका येथे जाहीरपणे फाशी देऊन बंड पुकारले. त्याची पत्नी मिकाएला बास्तिदास तुंगासुकात राहून रसद, पत्रव्यवहार, हेर आणि परवाने यांची सगळी व्यवस्था पाहत होती. बंडाची खरी कचेरी तीच चालवत होती, असे तिची पत्रे वाचणाऱ्याला वाटल्यावाचून राहत नाही. १८ मे १७८१ रोजी कुस्कोच्या चौकात दोघांनाही अत्यंत क्रूरपणे ठार केले गेले. त्यानंतरच्या हुकमांनी इंका वेश, इंका नाटके आणि इंका वंशाचा अभिमान यांवर बंदी आणली, आणि स्पॅनिश भाषा शिकण्याची सक्ती केली.

स्वातंत्र्य आले म्हणून हे थांबले असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी या पठारावरची लोकर सिकुआनीच्या बाजारातून आरेकिपाच्या व्यापारी घराण्यांकडे जाई आणि तिच्या भावाबरोबर हासिएन्दांच्या, म्हणजे बड्या जमीनदारांच्या मळ्यांच्या, जमिनी फुगत किंवा आक्रसत. १९२० मध्ये राष्ट्राध्यक्ष लेगिया यांच्या सरकारने रस्तेबांधणीचा कायदा केला. त्यानुसार १८ ते ६० वर्षांच्या प्रत्येक पुरुषाने वयानुसार वर्षाला सहा ते बारा दिवस रस्त्यावर फुकट राबायचे, किंवा त्याबदल्यात पैसे भरायचे. कागदावर तो साऱ्या देशाला लागू होता. प्रत्यक्षात पैसे कोण भरणार आणि कुदळ कोण उचलणार हे सांगण्याची गरज नाही. १९३० मध्ये लेगिया यांची सत्ता गेल्यावर तो रद्द झाला. जमिनीचा प्रश्न सुटायला आणखी चार दशके लागली. जनरल हुआन वेलास्को आल्वारादो यांनी २४ जून १९६९ रोजी जमीनसुधारणा जाहीर केली, आणि १९७५ मध्ये त्यांच्याच राजवटीत क्वेचुआला स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. मतदानाचा हक्क मात्र अजूनही साक्षरांपुरताच होता, आणि साक्षर म्हणजे स्पॅनिशमध्ये साक्षर. १९७९ च्या राज्यघटनेने ती अट काढली. याचा अर्थ असा की केवेतल्या आज सत्तरी ओलांडलेल्या अनेक आजीबाईंच्या आयांना देशाचा राष्ट्राध्यक्ष निवडण्याची पहिली संधी १९८० मध्ये मिळाली.

हा सगळा इतिहास आठवला की जूनमधल्या त्या तीन दिवसांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागते. ज्या लोकांकडून इंकांनी, स्पॅनिशांनी, हासिएन्दांनी आणि प्रजासत्ताकानेही सामूहिक श्रमाच्या नावाखाली वेठ घेतली, त्यांनी त्यांतले एक काम वेठ घेणारा उरला नसतानाही चालू ठेवले आहे. ते त्यांना करावे लागत नाही. वाहने जाऊ शकतील असा पोलादी पूल जवळच आहे. नदी ओलांडायला गवताचा पूल गरजेचा राहिलेला नाही, आणि हे चारही समुदायांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पोलादी पूल सरकारने बांधला, त्याची निगा सरकारने राखायची, बिघडला तर अर्ज करायचा. गवताच्या पुलाबाबत अर्ज कोणाकडे करणार? तो आपणच बांधायचा, आणि बारा महिन्यांत तो कुजणार हे धरूनच बांधायचा. गवत ही या पुलाची उणीव आहे असे अभियंत्याला वाटेल. पण तो कायमचा टिकणारा असता तर त्याच्यासाठी दरसाल घराघरातून दोरी मागण्याचे कारणच उरले नसते, आणि मग कोण समुदायात आहे आणि कोण नाही, हे दुसऱ्या कशावरून तरी ठरवावे लागले असते.

अर्थात आता मागणारे आणखीही कोणी आहेत. वारशाचा शिक्का बसल्यापासून जूनमध्ये गाड्या येतात, मंत्रालयाचे अधिकारी येतात, भाषणे होतात. हे वाईटच आहे असे मी म्हणणार नाही. गावात चार पैसे येतात आणि शहरात ज्या पोशाखाची टर उडवली जाई त्याच पोशाखातल्या बायकांबरोबर छायाचित्रे काढायला लोक रांग लावतात, यातही काही न्याय आहे. परंतु स्वखुशीने चालवलेले काम दरवर्षी पाहुण्यांपुढे करून दाखवावे लागले की त्याच्यात पुन्हा थोडी वेठ शिरते. २०१५ मध्ये अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या लोकजीवन महोत्सवासाठी येथील पूलकर्त्यांनी वॉशिंग्टनच्या हिरवळीवर असाच एक पूल बांधला होता. खाली नदी नव्हती. त्या पुलाचा एक भाग तेथील संग्रहालयाने जपून ठेवला. केवेत जुन्या पुलाचे काय करतात ते वर सांगितलेच आहे.

भाषेची गोष्टही अशीच गुंतागुंतीची आहे. २०१७ च्या जनगणनेत पेरूतील ३५ लाखांहून अधिक लोकांनी क्वेचुआ ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. कानाससारख्या प्रांतांत ती घराची, बाजाराची आणि सभेची भाषा आहे; अधिकृत दर्जा आहे, द्विभाषिक शाळांचे धोरण आहे, २०११ चा भाषाहक्कांचा कायदा आहे. तरीही ती कशी लिहायची यावर कुस्कोतील क्वेचुआ अकादमी आणि शिक्षण मंत्रालय यांचे एकमत नाही. एकांना पाच स्वर हवेत, दुसऱ्यांना तीन पुरेत. पुलाचे नाव पाट्यांवर निरनिराळ्या स्पेलिंगांनी वाचायला मिळते त्यात या वादाचाही हात असावा. २००६ मध्ये कुस्कोमधून निवडून आलेल्या इलारिया सूपा आणि मारिया सुमिरे या दोघींनी संसदेत क्वेचुआतून शपथ घेतली तेव्हा वाद झाला. २०२१ मध्ये पंतप्रधान गिदो बेयीदो यांनी संसदेत क्वेचुआतून बोलायला सुरुवात केली तेव्हाही त्यांना अडवण्यात आले. राजधानीत ही भाषा अजून पाहुणीच आहे. त्यामुळे केवेतल्या एखाद्या आईने आपल्या मुलीशी मोडक्या स्पॅनिशमध्ये बोलायचे ठरवले, तर तिला बोल लावण्याचा अधिकार मला तरी नाही. स्पॅनिशच्या अभावी दवाखान्यात, न्यायालयात आणि बसच्या खिडकीवर काय होते, हे तिने स्वतः अनुभवलेले असते.

२०२० च्या जूनमध्ये करोनामुळे पूल बांधला गेला नाही. गवत आपल्या गतीने कुजत राहिले, आणि मार्च २०२१ मध्ये पूल तुटून नदीत लोंबला. त्यामुळे त्या वर्षीच्या जूनमध्ये काम सुरू करताना नेहमीची सोय नव्हती. एरवी नवा दोर पलीकडे न्यायला जुना पूल असतोच. कितीही थकलेला असला तरी त्याच्यावरून माणूस जाऊ शकतो. त्या वर्षी आधीचा पूलच नव्हता, म्हणून दोर रिकाम्या घळीवरून पलीकडे न्यावा लागला. पूल झाला, वेळेवर झाला, आणि जगभरच्या वृत्तसंस्थांनी त्याची बातमी दिली. या बातमीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते हे, की मधल्या वर्षात दोर वळण्याचे कसब कोणाच्याही हातातून गेलेले नव्हते. एका वर्षाच्या खंडाने ते जात नाही. दहा वर्षांच्या खंडाने जाईल का, हा प्रश्न करोनापेक्षा आरेकिपा, कुस्को आणि लिमाकडे जाणाऱ्या बसगाड्यांशी अधिक निगडित आहे.

कारण केवे रिकामे होत चालले आहे. शेजारच्या एस्पिनार प्रांतात तांब्याच्या मोठ्या खाणी आहेत. तेथे खाणीच्या करातून येणारा पैसा आहे, त्यावरचे तंटे आहेत, आणि दूषित पाण्याच्या तक्रारीही आहेत. केवेत तसे काही नाही. दुधाळ गाई, चीज, थोडी लोकर, थोडी पर्यटकांची वर्दळ, आणि बाकी बटाटा, बार्ली व किनवा यांवर तरुण माणूस किती दिवस टिकेल? मुले माध्यमिक शाळेसाठी यानाओकाला किंवा सिकुआनीला जातात आणि बरीचशी तिथूनच पुढे निघून जातात. मात्र गेलेली सगळी कुटुंबे समुदायातून नाव काढून घेत नाहीत. गावी जमिनीचा तुकडा असतो, म्हातारे आईवडील असतात, आणि शहरातले काम केव्हाही सुटू शकते हे साऱ्यांना ठाऊक असते. समुदायाचा सदस्य म्हणून तो तुकडा कसण्याचा हक्क राखायचा, तर फाएनाची कामे आणि पाळीने येणारी पदे निभावावी लागतात. अँडीजमधल्या बहुतेक कृषक समुदायांचा हा नियम आहे. ज्यांना स्वतः येणे जमत नाही ते भावाला पाठवतात, शेजाऱ्याशी देवघेव ठरवतात, नाहीतर मजुरी देऊन बदली माणूस उभा करतात. उत्सवाच्या दिवशी शहरातून आलेल्या बसमधून उतरणाऱ्यांत मला पर्यटक किती आणि घरी आलेले किती हे ओळखता येईना. पोशाखावरून तर मुळीच नाही. ओळखता आले ते नंतर, सभेचा सचिव वही घेऊन कुटुंबांची नावे वाचू लागला तेव्हा, कोण कोण ‘हजर’ म्हणून हात वर करते आहे त्यावरून.